मशिनींच्या सिस्टरबाई

क्लासमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, यात विशेष काही नाही. त्या काळात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कुणीच जात नसे. पण दिग्रसच्या आमच्या क्लासमध्ये चपला काढल्यावर दाराशी ठेवलेल्या बादलीत कोपरापर्यंत हात धुवावे लागत, आणि बाई समोर उभ्या राहून नखं बघत. पुसदला राहून चार पुस्तकं वाचून आलेला एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, कॉम्प्युटरचा व्हायरस हाताच्या मळानं येत नसतो."

"हे तू मले सांगून राह्यला काय?" बाई म्हणाल्या. "मळानं येत नाही हे माहीत हाय मले. आज हात धुवाची सवय लागली, त उद्या फ्लॉपी तपासाची लागीन. धुय!"

त्यानं धुतले. बाईंपुढे सगळेच धुवायचे.

सिस्टरबाई आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दवाखान्यात एक कॉम्प्युटर आला. दसऱ्याला त्याला हार घातला गेला आणि मग त्याच्यावर जी चादर पडली ती पडलीच. ती बाईंनी काढली. सोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, आणि वाचता वाचता त्यांना त्या यंत्राचं वेडच लागलं. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून लोक घरावर स्लॅब टाकतात. बाईंनी नागपूरहून जुन्या मशिनी आणल्या आणि बसस्टँडच्या रस्त्यावर बियाण्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. सिस्टर सटकली, असं अर्धं गाव म्हणू लागलं. उरलेल्या अर्ध्या गावाला बाईंनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं होतं, त्यामुळे ते तोंडावर काही म्हणायला धजावत नव्हतं.

निवृत्त झाल्या तरी त्यांच्या अंगातला दवाखाना काही गेला नाही. पांढरं पातळ तसंच, छातीवर पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ तसंच, आणि पोलिओच्या दिवशी अख्ख्या रांगेला गप्प करणारा आवाजही तसाच. सकाळी आल्याबरोबर त्या प्रत्येक मशीनवर हाताची पालथी बाजू ठेवून बघत. आमच्या काळ्या, रुंद फ्लॉप्यांच्या काठाला एक चौकोनी खाच असे. ती उघडी असली तर मशीन फ्लॉपीवर लिहू शकते; तिच्यावर पट्टी चिकटवली तर नुसतं वाचू शकते. बाजारात त्यासाठी वेगळ्या पट्ट्या मिळत. बाई जखमेवर लावायची दवाखान्यातली चिकटपट्टी कापून लावत. आमच्या क्लासच्या सगळ्या फ्लॉप्या मारामारी करून आल्यासारख्या दिसायच्या.

"खाच उघडी ठेवाची नाही," हे त्या दिवसातून किती वेळा म्हणत त्याला गणती नव्हती. "एका सुईनं दोघाले टोचतात काय? मंग उघडी फ्लॉपी दोन मशिनीत कायले घालता?"

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळीनं शेतं पोखरली होती आणि फवारून फवारून माणसं थकली होती. घरात, बसमध्ये, किराण्याच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. त्यामुळे बाईंनी व्हायरसचा धडा सुरू केला तेव्हा आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "समजलं बाई. हे बोंडअळीवानीच हाय."

"नाही," बाई म्हणाल्या. "अळीनं बोंड हलकं होते. ह्यानं फाइल जड होते. उठा सगळे."

मग त्यांनी जो धडा दिला तसा धडा मला पुढे कुठल्याही कॉलेजात कुणी दिला नाही. खोलीच्या टोकाला स्टोव्ह होता. बाईंनी आम्हाला दोन ओळींत उभं केलं आणि आमच्या ओळीला म्हणाल्या, तुम्ही म्हणजे एक प्रोग्राम. पहिल्यानं स्टोव्ह पेटवायचा, दुसऱ्यानं पाणी ठेवायचं, तिसऱ्यानं साखर, असं करत शेवटच्यानं चहा गाळायचा. आमचा प्रोग्राम चालला, चहा झाला. दुसऱ्या वेळी बाई स्वतः ओळीच्या शेवटी येऊन चिकटल्या आणि पहिल्याच्या कानात म्हणाल्या, "पहिले माह्याकडे ये. मी सांगतो ते कर. मंग जाय स्टोव्ह पेटवाले."

तो बाईंकडे गेला. बाईंनी शेजारच्या ओळीतल्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधल्या, पहिल्या मुलाच्या कानात तेच सांगायला त्याला पाठवलं आणि त्या ओळीच्या शेवटीही एक माणूस आणून उभा केला. मग आमच्या पहिल्यानं स्टोव्ह पेटवला. चहा याही वेळी झाला.

"च्या झाला ना?" बाई म्हणाल्या. "म्हणूनच कोणाले समजत नाही. प्रोग्राम आपलं काम करून राह्यला, अन् मांगून रोग बी आपलं काम करून राह्यला. जो जो प्रोग्राम तुम्ही चालवसान, त्याच्या शेपटाले तो चिकटते अन् त्याची पहिली ओळ बदलते. तुमच्या पत्राले, हिशोबाले हात लावत नाही. त्याले प्रोग्रामच पाह्यजे, कारण प्रोग्रामच चालते."

"पण मंग नुकसान काय?" मी विचारलं.

बाईंना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी आम्हाला तो प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवायला लावला आणि दर वेळी ओळीच्या शेवटी आणखी एक जण उभा केला. आमची मुलं संपली तेव्हा खालून बियाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बोलावली. काही प्रकारचे व्हायरस असेच असतात, एकाच फाइलीला पुन्हा पुन्हा चिकटत राहतात, असं त्या सांगत होत्या. शेवटी त्या लहानशा खोलीत इतकी गर्दी झाली की पहिला मुलगा स्टोव्हपर्यंत पोचूच शकेना.

"ही खोली म्हणजे मशीनची मेमरी," बाई दारातून ओरडल्या, कारण त्यांनाही आत जागा नव्हती. "आता करा च्या!"

तो काही झाला नाही. फाइल फुगून मरते म्हणजे काय, हे मला त्या दिवशी घामाच्या वासासकट समजलं.

एकदा कुणीतरी गेमची फ्लॉपी आणली आणि क्लासमधल्या एका मशीनला खरंच लागण झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला. आमच्याकडे घरात कुणाला गोवर-कांजिण्या आल्या की दाराला लिंब लावतात. बाहेरच्यानं ओळखावं आणि आत येऊ नये. बियाण्याचा दुकानदार घाबरून वर आला.

"सिस्टर, कोणाले माता आली?"

"मशिनीले," बाई म्हणाल्या.

"तुम्ही त देवाधर्माचं काही करत नाही ना?"

तो म्हणाला ते खरं होतं. बाई आमच्याच समाजाच्या, बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पनसालीच दीक्षा घेतली होती आणि बाईंच्या घरात अंगाऱ्याला, नवसाला थारा नव्हता. बाई म्हणाल्या, "माह्या बापानं देव सोडले, लिंबाचं झाड नाही सोडलं. हे देवीसाठी नाही, येणाऱ्यासाठी हाय. आत रोग हाय हे त्याले बाहेरच समजलं पाह्यजे."

सगळ्या मशिनी साफ होईपर्यंत क्लास बंद राहिला. फीचं नुकसान झालं, पण डहाळा खाली उतरला नाही.

मी त्यांच्या पहिल्या तुकडीतली. शिकून झाल्यावर गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मला नोकरी लागली. आमच्या वस्तीतली ऑफिसच्या खुर्चीवर बसणारी पहिली मुलगी मी. माझे बाबा त्याच जिनिंगमध्ये हमाल होते. आवारात कापसाच्या गाड्या यायच्या, काट्यावर चढायच्या, आणि मी आत मशीनवर वजन भरून छापील पावती द्यायची. बाबा काट्यावरून खिडकीतून बघत. घरी आल्यावर आईला सांगत, "पोरगी पाह्यत बी नाही बोटाइकडे, अन् चालते सारं."

मशीन बसवली त्या दिवशी बाईंनी तिथेही भाषण ठोकलं होतं. मॅनेजरला बजावलं होतं, "हिच्यावर कोणाले गेम खेळू देऊ नका. रोग गेममधून येते." आणि दर महिन्याला त्या स्वतः तपासणीला येत. पिशवीतून तपासणीची फ्लॉपी काढत, ती मशीनमधली एकेक फाइल उघडून बघे, आणि सगळं ठीक निघालं की बाई माझ्या पाठीवर थाप मारत. दारव्हा, महागाव, पुसद अशा गावांतही त्यांची गिऱ्हाइकं होती. एसटीनं फिरून त्या सगळीकडच्या मशिनी तपासत.

ऐन हंगामात माझी मशीन आजारी पडली. आधी पावतीचा प्रोग्राम हळू झाला. आमच्याकडे वीज सारखी जायची, आणि दर वेळी ती आल्यावर प्रोग्राम नव्यानं चालू करावा लागायचा. एके सकाळी तो चालूच होईना. मेमरी पुरत नाही, एवढी एक ओळ पडद्यावर येऊन थांबली. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बाहेर गाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली. कापूस उन्हात वाळला की वजनात घटतो, त्यामुळे गाडीवाले बोंबलायला लागले.

मॅनेजर आला, पडदा बघितला आणि मला बाहेर ओट्यावर घेऊन गेला. तिथे सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्या सिस्टरनंच सांगतलं होतं, रोग गेममधून येते म्हणून. खेळत बसली असशीन दिवसभर! पोरीले खुर्ची देली का हे असं होते. उद्यापासून येऊ नको."

मी एकही गेम कधी उघडला नव्हता. बाबा काट्याजवळ हातात ओझं ओढायचा आकडा घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली. नोकरी गेल्यापेक्षा ती खाली गेलेली मान मला जास्त लागली, आणि वस्तीत ही गोष्ट आमच्या आधी पोचणार हेही मला कळत होतं.

कुणीतरी सायकलवर जाऊन बाईंना घेऊन आलं. बाईंनी हात धुतले, मशीन बंद केली, आणि पट्टी लावलेल्या एका निरोगी फ्लॉपीवरून पुन्हा चालू केली. मग मला बाजूला बसवून एकेका फाइलीचा आकार बघायला लागल्या. मॅनेजर मागे उभा होता.

"पावतीचा प्रोग्राम फुगला," बाई म्हणाल्या. "तो रोज चालते, त्याचं समजलं. पण हा कोणता?"

"तो वर्षाच्या शेवटी लागते," मी म्हणाले. "अजून एकदा बी चालवला नाही."

"अन् हा?"

"तो त कधीच लागत नाही. मशिनीसोबत आलेला हाय."

बाई थांबल्या. तेही सगळे फुगलेले होते. कुणी न चालवलेले, कुणी हात न लावलेले प्रोग्रामसुद्धा. बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ह्या जातीचा रोग फाइल नुसती उघडली तरी चिकटणारा हाय. पण गेम खेळणारा एक गेम उघडते. मशिनीतली एकूण एक फाइल कोण उघडून पाह्यते?"

मला उत्तर सुचलं. बाईंनी पिशवीत हात घातला आणि तपासणीची फ्लॉपी काढली. तिच्या खाचेवर पट्टी नव्हती.

त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधीच पाहिला नव्हता. व्हायरसची नवी यादी त्या फ्लॉपीवर चढवायला त्यांनी पट्टी काढली होती, आणि महागावच्या बसची घाई होती म्हणून पुन्हा लावायची राहून गेली होती. महागावच्या मशीनमध्ये रोग होता. तो इतका नवा होता की त्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. तो तपासणाऱ्या प्रोग्रामलाच चिकटला. मग बाईंनी ती फ्लॉपी माझ्या मशीनमध्ये घातली आणि रोगानं बाईंच्या हातून एकेक फाइल उघडून घेतली. जन्मभर सुया उकळणाऱ्या बाईची सुईच दूषित निघाली होती.

हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना समजलं होतं. मॅनेजरला फाइलीचा आकार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बाईंनी फ्लॉपी पिशवीत टाकून दिली असती तर गावात कुणालाही कधी पत्ता लागला नसता. मला तरी मी बोलले असते का, हे आजही खात्रीनं सांगता येत नाही. क्लास त्यांच्या नावावर चालत होता, आणि ते नाव म्हणजे स्वच्छता.

"चाल बाहेर," बाई मला म्हणाल्या.

त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पोलिओच्या रांगेवरचा आवाज लावला.

"ऐका सारे! ह्या मशिनीत रोग हाय. तो ह्या पोरीनं नाही आणला. मी आणला. मी तपासाले आली, माही फ्लॉपी खराब होती, मले समजलं नाही. गाड्या माह्यामुळे थांबल्या. हिनं एक बी गेम खेळला नाही. ज्याले बोलाचं असन त्यानं मले बोला."

मग गाडीवाल्यांनी खरंच बोलून घेतलं, आणि बाईंनी पदर खोचून सगळं ऐकून घेतलं.

मॅनेजर म्हणाला, "आता तुमचा हात मी ह्या मशिनीले लागू देणार नाही, सिस्टर."

"लावतच नाही," बाई म्हणाल्या. "ही पोरगीच करीन."

आणि त्या खिडकीबाहेर स्टुलावर बसल्या. आतलं सगळं मी केलं. नोंदी शाबूत होत्या. रोगानं त्यांना तोंड लावलं नव्हतं. फुगलेले प्रोग्राम पुसले, मूळ फ्लॉप्यांवरून ताजे चढवले. माझ्या त्या मूळ फ्लॉप्यांच्या खाचा पट्टीनं बंद होत्या. बाई बाहेरून बघत होत्या, पण एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. उन्हं कलायच्या आत पहिली पावती निघाली आणि रांग हलली.

पुढच्या दिवसांत बाईंनी स्वतःच्या क्लासला लिंब बांधला आणि एसटीनं दारव्हा, पुसद, महागाव, जिथे जिथे ती फ्लॉपी गेली होती तिथे गेल्या. मला सोबत नेलं, कारण त्यांच्या हातावर आता त्यांचाच भरवसा नव्हता. प्रत्येक ठिकाणी आधी त्या सांगत, "मी तुमच्या इथे रोग आणला," आणि मग मी साफ करायला बसे. दारव्ह्याचा एक व्यापारी म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सांगतलं नसतं त आमाले समजलंच नसतं." बाई म्हणाल्या, "त्याच्यासाठीच त येऊन राह्यली." काही गिऱ्हाइकं तुटली. क्लासची फी भरायला आलेली काही माणसंही परत गेली. बाईंनी त्याबद्दल कधी सुस्कारा टाकलेला मी ऐकला नाही. एसटीत खिडकीशी बसून त्या मला वाटेतली शेतं दाखवत आणि कुठल्या घरात कुणाचं बाळंतपण केलं ते सांगत.

मी पुढे खूप मशिनी पाहिल्या, मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या लोकांबरोबर काम केलं. चूक झाली की ती कुणाच्या तरी गळ्यात बांधायची, हे तिथे फार सफाईनं चालतं. अशा वेळी मी कुणाची विद्यार्थिनी आहे ते मी मुद्दाम सांगते. छाती काढून सांगते.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. रांग हलल्यावर मॅनेजरनं बाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. तो आता निवळला होता. मला उद्या ये म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "सिस्टर, एवढं बाहेर जाऊन सगळ्यायसमोर सांगाची काय गरज होती? इथं आत सांगतलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. गावात तुमचं नाव खराब झालं."

बाईंनी चहाला हात लावला नव्हता.

"तुम्ही हिले आत बोलले होते काय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही हिले बाहेर बोलले, हिच्या बापासमोर. मंग मी आत कायले सांगू? माहं मी बाहेर सांगून आली. आता तुमचं राह्यलं."

मॅनेजरनं कप खाली ठेवला. मग उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि ओट्यावर गेला. पोरीची काही चूक नव्हती, मीच उगाच बोललो, असं तो गाड्यांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला.

बाबा तेव्हा काट्यावर होते. त्यांना ऐकू गेलं.